सोने, कथील आणि मधला सांधा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या मेमरीवर लेख लिहावा, याचे कोणाला नवल वाटेल, कोणाला कदाचित हसूही येईल. परंतु संगणक आता एकट्या विज्ञान शाखेचा राहिलेला नाही. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, वडिलांचा सातबारा, पीक विम्याची पावती, या साऱ्या गोष्टी त्याच्याच दारातून जातात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे जे यंत्र आपल्या आयुष्याची इतकी कामे अडवू शकते, ते अडते कशामुळे, हे थोडेफार तरी आपणही समजून घ्यावे असे मला वाटले.

याला आणखी एक कारण आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत एखादी वस्तू संपूर्ण नवी अशी क्वचितच येते. जुन्याला नवे जोडले जाते. जुन्या मोटारीला नवी केबल, जुन्या छपराला नवा पत्रा, जुन्या सायकलीला नवे चाक. संगणकाचेही तेच होते. ज्याच्याकडे पैसा आहे तो जुना संगणक काढून टाकतो आणि नवा आणतो. ज्याचा पैसा हंगामावर येतो, तो जुन्यातच एखादी मेमरीची पट्टी वाढवतो आणि आणखी दोन वर्षे काढतो. जोडणे हा आपला नित्याचा व्यवहार आहे. म्हणून जोडाचे शास्त्र इतरांपेक्षा आपल्यालाच अधिक माहीत असायला हवे. प्रस्तुत लेखात त्या शास्त्राचा एक लहानसा, पण फार बोधप्रद भाग सांगण्याचा प्रयत्न आहे. सोन्याचा मुलामा दिलेली मेमरीची पट्टी कथलाचा मुलामा असलेल्या खाचेत बसवली, तर काय होते?

मेमरीची पट्टी

संगणक काम करीत असताना हाताशी लागणारी माहिती जेथे ठेवतो, ती मेमरी. फळ्यावर गणित सोडवताना आपण मधल्या पायऱ्या मांडतो आणि तास संपला की फळा पुसतो, तसेच तिचे आहे. वीज गेली की तिच्यातले सारे पुसले जाते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा आपल्या देशात बांधलेला संगणक चालू झाला. त्याची मेमरी फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली होती. पुढे त्या कड्यांची जागा सिलिकॉनच्या चिपांनी घेतली. प्रारंभी या चिपा संगणकाच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एकेक करून बसवाव्या लागत. १९८३ साली अमेरिकेतील वँग लॅबोरेटरीज या कंपनीत एक सोपी युक्ती निघाली. अनेक चिपा एका लहान पट्टीवर बसवायच्या, पट्टीच्या कडेला धातूचे संपर्कबिंदू द्यायचे आणि ती पट्टी मदरबोर्डवरच्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, बसवायची. या पट्टीला ‘सिम’ म्हणत. मोबाइलमधल्या सिमकार्डाशी तिचा काही संबंध नाही, नाव मात्र एक. प्रथम ३० संपर्कबिंदूंच्या आणि नंतर ७२ संपर्कबिंदूंच्या सिम पट्ट्या आल्या. १९९० च्या दशकातल्या ४८६ आणि पहिल्या पेंटियम संगणकांत त्याच असत.

या युक्तीमुळे मेमरी वाढवणे कोणालाही जमू लागले. मात्र पूर्वी जेथे डाग देऊन केलेला पक्का जोड होता, तेथे आता नुसता टेकून बसलेला जोड आला. ७२ संपर्कबिंदूंच्या चार पट्ट्या बसवल्या, तर २८८ जोड होतात. यांपैकी एक जरी बिघडला, तरी संगणक चुकीचा आकडा वाचतो किंवा जागच्या जागी थांबतो. दुकानातली माणसे या संपर्कबिंदूंना ‘पिना’ म्हणतात. मीही पुढे तोच शब्द वापरते.

या पिना तांब्याच्या असत आणि त्यांवर दुसऱ्या धातूचा मुलामा असे. कोणी सोन्याचा देई, कोणी कथलाचा. मदरबोर्डवरच्या स्लॉटांतही हे दोन्ही प्रकार होते. त्यामुळे पट्टी सोन्याची आणि स्लॉट कथलाचा, किंवा याच्या उलट, अशी सरमिसळ सहज होई.

दोन धातूंचे दोन स्वभाव

कथील आपल्या घरात नवे नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ती कथलाचीच. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, कारण आंबट पदार्थात तांब्याचे क्षार उतरतात. म्हणून कल्हईवाला भाता लावून भांडे तापवी, नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने कथील सगळीकडे सारवून घेई. स्टीलची भांडी आल्यापासून हा कारागीर दिसेनासा होत चालला आहे. परंतु आमच्या आजीच्या पिढीला कल्हई म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

कथील मऊ असते, स्वस्त असते आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळते. हवा लागली की त्याच्यावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा येतो. हा पापुद्रा कठीण पण ठिसूळ असतो आणि त्यातून वीज नीट जात नाही. मग कथलाच्या पिनेतून वीज जाते कशी? पट्टी स्लॉटमध्ये दाबून बसवताना दोन्ही बाजूंचे पापुद्रे फुटतात, आतले ताजे कथील ताज्या कथलाला भिडते आणि दाबामुळे त्या जागी हवा शिरत नाही. म्हणून कथलाचा जोड नीट चालायचा, तर दाब भरपूर हवा. जोडण्या बनवणारे कारखाने एका पिनेवर निदान १०० ग्रॅम वजनाइतका दाब असावा असे सांगतात.

सोन्याचे तसे नाही. सोन्यावर पापुद्रा येतच नाही. शंभर वर्षांनी काढले तरी ते तसेच. त्यामुळे हलक्या दाबानेही सोन्याचा जोड चांगली वीज वाहतो. अडचण एकच, ते महाग आहे. म्हणून मुलामा फार पातळ देतात. चांगल्या प्रतीच्या जोडणीतही तो पाऊण मायक्रॉनच्या आसपास असतो. आपल्या डोक्याचा केस ढोबळमानाने सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर हा मुलामा केसाच्या जवळजवळ नव्वदाव्या हिश्शाइतका होतो. सोन्याखाली निकेलचा थर असतो, कारण तो नसेल तर खालचे तांबे हळूहळू सोन्यातून वर येते.

तात्पर्य, कथलाला कथील भेटले तर जोड टिकतो, सोन्याला सोने भेटले तर उत्तमच टिकतो. आता साधा हिशेब असा वाटेल, की एका बाजूला कथील असले तरी दुसरी बाजू सोन्याची केली म्हणजे जोड निम्मा तरी सुधारेल. सर्वसामान्य माणूस असाच विचार करतो. परंतु प्रत्यक्षात उलट होते.

खपली आणि फरशी

संगणक चालू केला की आतली हवा तापते, पट्टी तापते आणि किंचित प्रसरण पावते. बंद केला की ती आकुंचन पावते. पट्टीचा पदार्थ वेगळा, स्लॉटचे प्लास्टिक वेगळे. दोघांचे वाढणे-आक्रसणे सारखे नसते. त्यामुळे पिना एकमेकींवर अगदी थोड्या, केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने, पुढे-मागे सरकतात. आत फिरणाऱ्या पंख्याचा कंपही त्यात भर घालतो. आपल्या भागात दिवसाचे आणि रात्रीचे तापमान बरेच वेगळे असते आणि वीज वरचेवर जाते-येते. प्रत्येक वेळी वीज गेली आणि आली, की हे सरकणे एकदा होते.

कथील मऊ असल्यामुळे या सरकण्यात त्याचे अतिसूक्ष्म कण सोन्याला चिकटतात. तेथे त्यांना हवा लागते आणि त्यांचा ऑक्साइड बनतो. पुन्हा सरकणे, पुन्हा ताजे कथील उघडे पडणे, पुन्हा ऑक्साइड. असे करता करता सोन्याच्या पृष्ठभागावर कथलाच्या ऑक्साइडचा थर साचत जातो.

कोणी म्हणेल, असा ऑक्साइड तर कथलावरही होताच, मग सोन्यावर झाल्याने काय बिघडले? याचे उत्तर एका उदाहरणाने देते. पाऊस उघडला की काळ्या रानात चिखलावर वाळलेली खपली येते. तिच्यावर पाय ठेवा, ती लगेच फुटते, कारण खाली मऊ चिखल आहे आणि तो दबतो. तोच चिखल शहाबादी फरशीवर सांडून वाळला, तर पायाने कितीही दाबा, खपली फुटत नाही. ती घट्ट बसते, कारण खालची फरशी दबतच नाही. कथलावरचा पापुद्रा चिखलावरच्या खपलीसारखा आहे. खालचे कथील दबते, पापुद्रा फुटतो, वाट मोकळी होते. सोन्याचा मुलामा आणि त्याखालचे निकेल कथलाच्या मानाने कठीण आहेत. त्यांवर बसलेला कथलाचा ऑक्साइड फरशीवरच्या खपलीसारखा असतो. तो फुटत नाही, आणि विजेची वाट बंद होते.

एएमपी या जोडण्या बनवणाऱ्या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीने कथलाच्या पिनांविषयी आपल्या ग्राहकांसाठी नियम छापले होते. त्यांत एक नियम हाच होता, की कथलाच्या पिनेशी सोन्याची पिन जोडणे योग्य नव्हे. १९९० च्या दशकात मेमरी वाढवणाऱ्या जाणकारांचा सल्लाही तोच असे. स्लॉट कथलाचा असेल तर पट्टी कथलाचीच घ्यावी, स्लॉट सोन्याचा असेल तरच सोन्याची घ्यावी. सोने महाग म्हणून चांगले, हा विचार येथे उपयोगाचा नाही.

या दोषाचे एक लबाड लक्षण आहे. तो पहिल्या दिवशी दिसत नाही. पट्टी बसवली की संगणक झकास चालतो. काही महिने जातात, कधी वर्षही जाते. मग केव्हातरी तो मध्येच थांबू लागतो, कधी सुरूच होत नाही. पट्टी काढून परत बसवली की पुन्हा चालतो, कारण बसवताना घासून थोडा थर निघालेला असतो. लोक म्हणतात, “मेमरी गेली.” वास्तविक मेमरी गेलेली नसते, मधला सांधा मळलेला असतो. पण तोपर्यंत नव्या पट्टीचे पैसे दिलेले असतात, आणि नवी पट्टीही त्याच स्लॉटमध्ये बसवलेली असते.

विजेचा दुसरा खेळ

आतापर्यंत सांगितले ते कोरड्या हवेतले. हवेत ओल असेल, तर आणखी एक क्रिया सुरू होते, आणि तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

इटलीतील बोलोन्या शहरातल्या लुईजी गॅल्व्हानी या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाने १७८० च्या दशकात पाहिले, की दोन निराळे धातू एकमेकांना जोडून मेलेल्या बेडकाच्या पायाला लावले की तो पाय आखडतो. ही वीज प्राण्याच्या शरीरातली आहे, असे त्याचे मत झाले. त्याचाच देशबंधू अलेस्सांद्रो व्होल्टा याला ते पटले नाही. त्याने जस्ताच्या आणि तांब्याच्या किंवा चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून, एकावर एक रचल्या आणि १८०० साली जगाला पहिली बॅटरी दाखवली. दोन निराळे धातू आणि मध्ये ओल, एवढे असले की वीज निर्माण होते, मग बेडूक असो वा नसो.

ही वीज फुकट मिळत नाही. दोघांपैकी एका धातूला आपला देह झिजवावा लागतो. कोण झिजणार, हे ठरलेले असते. धातूंची एक उतरंड आहे आणि तिचे माप व्होल्टमध्ये करतात. ॲल्युमिनियम उणे १.६६, जस्त उणे ०.७६, लोखंड उणे ०.४४, कथील उणे ०.१४, तांबे अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८० आणि सोने अधिक १.५०. दोन धातू ओलीत एकत्र आले, की उतरंडीत खाली असलेला झिजतो आणि वरचा शाबूत राहतो. अंतर जितके जास्त, तितकी झीज होण्याची ओढ जास्त. कथील आणि सोने यांत दीड व्होल्टहून अधिक अंतर आहे. म्हणजे दमट हवेत हा जोड एक लहानशी बॅटरीच होतो. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत याचा त्रास अधिक आणि आपल्या कोरड्या माळावर कमी. पण धुळीबरोबर पावसाळ्यातली ओल आपल्याकडेही शिरतेच.

या उतरंडीचा दाखला आपल्या अंगणातही मिळतो. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला कथलाचा मुलामा असतो. गोठ्यावरच्या नालीदार पत्र्याला जस्ताचा असतो. दोन्हींत आतून लोखंडच आहे. डब्यावर ओरखडा पडला की तेथे लोखंड झपाट्याने गंजते, कारण कथील लोखंडाच्या वर आहे आणि झिजण्याची पाळी लोखंडावर येते. पत्र्यावर ओरखडा पडला तर लोखंड बराच काळ वाचते, कारण जस्त खाली आहे आणि ते स्वतः झिजून लोखंडाला राखते. मुलामा दोघांनाही आहे, पण एक मुलामा रक्षक आहे आणि दुसरा केवळ पांघरूण आहे. ते फाटले की संकट दुप्पट. सोन्याचा मुलामा दुसऱ्या प्रकारचा आहे. तो जोवर अखंड आहे तोवर उत्तम. घासून किंवा खरवडून त्याला भोक पडले, की खालचे निकेल आणि तांबे झिजू लागतात.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण पाहायचे तर समुद्राकडे जावे लागेल. लाकडी जहाजांचे तळ समुद्रातले किडे पोखरीत, म्हणून ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा तांबे ठीक होते, पण त्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. गंमत अशी, की काही खिळे मात्र शाबूत सापडले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या ठिकाणी काढायचा राहून गेला होता! तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये तो आडवा आला आणि लोखंड वाचले. पुढे १७८० च्या दशकात आरमाराने तळातले लोखंडी बोल्ट सोडून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरायला सुरुवात केली. म्हणजे पत्रा ज्या जातीचा, बोल्टही त्याच जातीचा. त्यानंतरच्या काळात आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे.

आपल्या विहिरीवर

जहाज दूर राहिले आणि जुने सिम पट्ट्यांचे संगणकही आता भंगारात गेले. परंतु हा प्रश्न आपल्या शिवारात रोज उभा आहे. खांबावरून येणारी तार ॲल्युमिनियमची असते. मोटारीची गुंडाळी आणि पुष्कळदा स्टार्टरपर्यंतची केबल तांब्याची असते. या दोघांना नुसता पीळ मारून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोड देण्याची रीत सर्वत्र दिसते.

या जोडात मघाशी सांगितलेले सगळे दोष एकत्र येतात. ॲल्युमिनियमवर हवेने ताबडतोब ऑक्साइडचा कठीण थर येतो. तापले असता ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा अधिक वाढते. एका अंशाला दर दहा लाख भागांत ॲल्युमिनियम २३ भाग वाढते, तर तांबे १७. त्यामुळे मोटार चालू-बंद होताना जोड हळूहळू ढिला पडतो. ढिला जोड अधिक तापतो, आणि तापल्यामुळे अधिक ढिला होतो. त्यात पावसाळ्यात ओल शिरली की दोन व्होल्टचे अंतर असलेली बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी पडते. शेवटी जोड जळतो. तीन फेजांपैकी एक गेला आणि मोटार तशीच चालत राहिली, तर गुंडाळीच जळते. रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर बसतो, आणि ऐन पाण्याच्या पाळीला मोटार दुकानात जाऊन पडते. दोष मोटारीला दिला जातो, बनावटीला दिला जातो. सांध्याकडे कोणी पाहत नाही.

यावर उपाय महाग नाही. एका अंगाला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या अंगाला तांबे असे कारखान्यातच एकजीव केलेले लग मिळतात. त्यांना बायमेटल लग म्हणतात. ॲल्युमिनियमची तार ॲल्युमिनियमला भेटते, तांब्याची तांब्याला, आणि दोघांचा मिलाफ कारखान्यात पक्का झालेला असतो. उघड्यावर जोड असेल तर ॲल्युमिनियम वर आणि तांबे खाली राहील असे पाहावे, कारण तांब्यावरून ओघळलेले पाणी ॲल्युमिनियमवर पडले तर ते त्याला खाते. हे काम अर्थातच वीज बंद करून जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. पण काय करून घ्यायचे, हे मालकाला माहीत असलेले बरे.

काही उपयुक्त सूचना

आता पुन्हा संगणकाकडे वळू. आजच्या मेमरीच्या पट्ट्यांच्या आणि स्लॉटांच्या पिनांना दोन्हीकडे सोन्याचाच मुलामा असतो. त्यामुळे कथील-सोन्याचा वाद तेथे मिटला आहे. परंतु स्वस्त तारा, लहान जोडण्या आणि प्रयोगशाळेतली जुनी यंत्रे यांत तो अजून भेटतो. शिवाय जोडाचे पथ्य बदललेले नाही. ज्या मित्रांना घरच्या किंवा महाविद्यालयातल्या संगणकाची मेमरी वाढवायची असेल, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, संगणक थांबू लागला की लगेच नवी पट्टी विकत घेऊ नये. आधी वीज बंद करून, तार काढून, जुनी पट्टी काढावी आणि परत नीट बसवून पाहावी. एवढ्याने चालला तर दोष सांध्यात होता असे समजावे.

दोन, पट्टीला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. अंगावरची स्थिर वीज चिपांना मारक असते, विशेषतः आपल्या कोरड्या हवेत. पट्टी कडेने धरावी. पिनांना बोट लावू नये, घामात मीठ असते.

तीन, पिना खोडरबराने घासण्याची प्रथा दुकानांतून सर्रास आहे. त्याने मळ निघतो हे खरे, पण मुलामा किती पातळ आहे हे वर सांगितलेच आहे. रबर त्याला दर वेळी थोडा थोडा खरवडतो आणि खालचा धातू उघडा पाडतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेले, धागे न सुटणारे स्वच्छ कापड फिरवावे आणि पूर्ण वाळू द्यावे.

चार, पट्टी घेण्यापूर्वी जुनी पट्टी कोणत्या जातीची आहे ते पाहावे. डीडीआर ३ ची पट्टी २४० पिनांची, डीडीआर ४ ची २८८ पिनांची. त्यांच्या खाचाही वेगळ्या जागी असतात, म्हणून एक दुसऱ्यात बसत नाही. जोर करून बसवू नये. डीडीआर ३ ला १.५ व्होल्ट लागतात, तर तिच्याच ‘एल’ प्रकाराला १.३५ पुरतात. कमी-अधिक वेगाच्या दोन पट्ट्या एकत्र लावल्या तर दोघीही मंद पट्टीच्या वेगाने चालतात. नवीवर जास्त खर्च करून लाभ होत नाही.

पाच, जुने सिम पट्ट्यांचे यंत्र कोणाकडे अजून चालू असेल, तर स्लॉटमधल्या पिनांचा रंग पाहावा. पिवळ्या असतील तर पिवळी पट्टी, पांढुरक्या असतील तर पांढुरकी. पारख एवढी सोपी आहे.

समारोप

आपल्याकडे एक म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. धातूंची गोष्ट ऐकून कोणाला ही म्हण आठवेल, आणि कोणी पुढे जाऊन म्हणेल, पाहा, निसर्गातही जातीला जातच बरी! कला शाखेची विद्यार्थिनी म्हणून हा अर्थ मला मान्य नाही, आणि तो शास्त्रालाही धरून नाही. धातूचा स्वभाव त्याच्या अणूत ठरलेला असतो, माणसाचा तसा नसतो. शिवाय धातूंनीच दुसरी बाजूही दाखवली आहे. तांबे आणि कथील नुसते टेकले आणि मध्ये ओल शिरली, तर एक दुसऱ्याला खातो. तेच दोघे मुशीत वितळून एकजीव झाले, की त्यांचे कासे होते, आणि ते दोघांहूनही कठीण असते. माणसाने हे ओळखले तेव्हा एका संपूर्ण युगाला त्याचे नाव पडले. तेव्हा दोष वेगळेपणाचा नाही. वरवर टेकवून सोडून देण्याचा आहे.

आपण जोडून जगणारी माणसे आहोत. एकदम सगळे नवे घेण्याची ऐपत यायला वेळ लागेल. तोवर जुन्यात नवे मिसळतच राहणार. त्यात कमीपणा काही नाही. फक्त विकत घेताना ‘सगळ्यात भारी कोणते?’ एवढाच प्रश्न न विचारता ‘माझ्याकडे आधी काय आहे, आणि त्याच्याशी कोणते जुळेल?’ असा प्रश्न विचारावा. हा प्रश्न विचारला, तर कथलाच्या स्लॉटमध्ये महागडी सोन्याची पट्टी घालून कोणी फसणार नाही, आणि विहिरीवरची मोटारही एका पीळ मारलेल्या जोडापायी ऐन हंगामात जळणार नाही.